पेटी उठली आणि कुणाला कळलंच नाही: एका रेडिओ-संध्याकाळीचं प्रकरण

आमच्या बेळगावच्या शहापुरातल्या वाचनालयाच्या माळ्यावर एक रेडिओ आहे हे सगळ्यांना ठाऊक होतं, आणि तो वाजत नाही हेही. गेल्या पावसाळ्यात माळा गळायला लागला, सामान खाली आणावं लागलं, आणि रेडिओ दोन महिने कार्यालयातल्या टेबलावर बसून राहिला. लाकडी पेटी, पुढे विणलेलं सोनेरी कापड, काचेच्या पट्टीवर मीटरचे आकडे. येणारा-जाणारा त्याचं बटण फिरवून जायचा. पुस्तक बदलायला आलेली शाळकरी पोरंसुद्धा.

ते बघून अध्यक्षांनी कल्पना काढली. वर्धापनदिनाला दरवर्षी व्याख्यान होतं, त्याला तीसेक माणसं येतात आणि त्यातली निम्मी चहासाठी. यंदा जुन्या रेडिओची संध्याकाळ करू. लोक सभागृहात रेडिओसमोर बसतील, गाणारे आतल्या खोलीत बसतील, दिसणार कुणीच नाही, आवाज फक्त त्या पेटीतून येईल. कल्पना चांगली होती. ती कुठे लंगडली आणि कुठे आपोआप सावरली, ते कार्यवाह या नात्याने मी इथे लिहून ठेवतोय. दुसऱ्या कुठल्या मंडळाला असं काही करायचं झालं तर आमच्या ठेचा त्यांना लागू नयेत, एवढ्यासाठी.

वर्ष ठरेना

पहिल्याच बैठकीत प्रत्येकाचा रेडिओ वेगळा निघाला. एकाला सिलोनवरची हिंदी गाणी हवी होती, एकाला विविध भारती, एकाला सकाळची भक्तिगीतं. अध्यक्षांनी सगळ्यांचा मान राखून फलकाचा मसुदा केला: ‘आकाशवाणीची संध्याकाळ, १९२७ ते १९६०’. दोन तासांत तेहतीस वर्षं. मी म्हटलं, अण्णा, ही संध्याकाळ नाही, ही मिसळ झाली.

वर्ष ठरवायला हवं होतं, कारण त्यावर बाकी सगळं अवलंबून होतं. मुंबईचं केंद्र इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीने २३ जुलै १९२७ ला सुरू केलं. ती कंपनी तीन वर्षांच्या आत बुडाली. १ एप्रिल १९३० पासून सरकारने ते काम अंगावर घेतलं आणि ८ जून १९३६ ला त्याचं नाव ऑल इंडिया रेडिओ झालं. ‘आकाशवाणी’ हे नाव तेव्हा मुंबईचं नव्हतंच. ते म्हैसूरचं. तिथे डॉ. गोपालस्वामी या प्राध्यापकांनी १९३५ मध्ये स्वतःच्या हौसेने जे केंद्र चालू केलं, त्याचं ते नाव. सरकारी रेडिओने ते स्वातंत्र्यानंतर घेतलं. म्हणजे आमच्या फलकावरचा पहिलाच शब्द चुकला होता.

आणि आमच्या भागात तेव्हा स्वतःचं केंद्र कुठलं? धारवाडचं केंद्र ८ जानेवारी १९५० ला आलं, पुण्याचं १९५३ मध्ये, सांगलीचं १९६३ मध्ये. त्याआधी बेळगावच्या माणसाला मराठी गाणं ऐकायचं तर मुंबईच लावायला लागायची. बेळगाव तेव्हा मुंबई इलाख्यात होतं. आमचं शहापूर मात्र सांगली संस्थानात, म्हणजे बेळगावातून चालत निघालं तरी संस्थानची हद्द लागायची. लहरींना त्याचं काही नव्हतं.

मुंबई इथून सरळ रेषेत चारशेएक किलोमीटर. केंद्राची सुरुवातीची ताकद दीड किलोवॅट, मीडियम वेव्हवर. दिवसा एवढ्या ताकदीचं केंद्र इतक्या लांब पोचत नाही. जमिनीलगत येणारी लहर वाटेत डोंगर-दऱ्यांत विरते, आणि वर जाणारी लहर आकाशात उंचावर उन्हामुळे तयार होणाऱ्या खालच्या विद्युत थरात गिळली जाते. सूर्य मावळला की तो थर नाहीसा होतो, लहर आणखी वरच्या थरावर आपटून परत खाली येते, आणि जिथे दुपारी नुसती खरखर होती तिथे दिवेलागणीला मुंबई बोलायला लागते. तेही कसं, तर मधेच आवाज चढतो, मधेच विहिरीत गेल्यासारखा बुडतो. वळवाच्या दिवसांत विजांचा कडकडाट त्यात मिसळतो, म्हणून थंडीतली रात्र सगळ्यात चांगली.

हे सगळं बैठकीत समजावलं ते आमच्या रेडिओवाल्या मामांनी. खडेबाजारात त्यांचं दुरुस्तीचं दुकान होतं, आता वय पंच्याहत्तरच्या पुढे. त्यांनीच पुढे सांगितलं की फेब्रुवारी १९३८ मध्ये मुंबईला दहा किलोवॅटचं शॉर्ट वेव्ह यंत्र आलं आणि लांबच्या लोकांचं ऐकणं बदललं. मग आम्ही त्याच्या अलीकडचा महिना धरला: जानेवारी १९३८. सेट बहुधा चाळीसच्या दशकातला, पण सभागृहात तेवढं कोण बघतं, असं म्हणून आम्ही तो मुद्दा सोडून दिला. मामांनी सोडला नाही. ते अजून बोलून दाखवतात.

सेट आणि तार

सत्तर-ऐंशी वर्षं बंद असलेला व्हॉल्व्हचा, म्हणजे आत काचेच्या नळ्या असलेला सेट थेट भिंतीतल्या वीजेला लावायचा नसतो. मामांनी आधी सिरीजमध्ये शंभर वॅटचा बल्ब लावला. बल्ब लखलखीत पेटला तर आत कुठेतरी शॉर्ट आहे, पेटून मग मंद झाला तर आशा आहे. आमचा लखलखीत पेटला. पॉवर सप्लायमधले मोठे कंडेन्सर सुकून गेले होते, कागदी कंडेन्सर गळके झाले होते. त्यातला एक, शेवटच्या व्हॉल्व्हच्या ग्रिडला जोडलेला, त्याच्यामुळे तो व्हॉल्व्ह आतून लाल होत होता. मामांनी आठवडाभर बसून एकेक बदलला. मोबदला म्हणून रोज एक कप चहा आणि वाचनालयातली जुनी दिवाळी अंक घरी न्यायची परवानगी.

मग प्रश्न आला की आतल्या खोलीतला आवाज सेटमध्ये न्यायचा कसा. एका तरुण सभासदाने छोटा ट्रान्समीटर करून आणायची तयारी दाखवली. तो मोह टाळला ते बरं झालं. हवेत लहर सोडायला परवाना लागतो, तेव्हाही लागायचा आणि आताही लागतो. पूर्वी तर नुसता ऐकायलाही लागायचा: वर्षाला दहा रुपये, पोस्टात भरायचे. जुन्या सेटच्या पाठीमागे ग्रामोफोनची सुई जोडायला दोन भोकं असतात आणि पुढे एक खटका असतो: ग्रामोफोन, मीडियम, शॉर्ट. आम्ही आतल्या मायक्रोफोनची तार त्या भोकांत आणली, मधे वेगळा ट्रान्सफॉर्मर ठेवला, कारण अशा काही सेटांच्या पत्र्यात थेट वीज असते आणि गाणाऱ्याच्या हातातल्या मायक्रोफोनपर्यंत ती पोचू शकते. ज्याला हे करायचं असेल त्याने बाकीचं विसरावं, हे विसरू नये.

बुकबाइंडिंगच्या खोलीत स्टुडिओ केला. त्या काळातले स्टुडिओ जाड पडद्यांनी आणि गालिच्यांनी मढवलेले असायचे, आवाज घुमू नये म्हणून. आमच्याकडे घोंगडी होती, सतरंज्या होत्या, आणि तीन भिंतींना छतापर्यंत फाटकी पुस्तकं. पुस्तकांसारखं आवाज पिणारं दुसरं काही नसावं. पंखा बंद ठेवावा लागला. जानेवारी होता म्हणून निभावलं.

तालमीत आवाज इतका स्वच्छ आला की मामा नाराज झाले.

“ह्यो लाउडस्पीकर झाला की ओ. रेडिओ कुठला ह्यो?”

त्यांचं म्हणणं, एक दुसरा रेडिओ रिकाम्या जागी लावून त्याची खरखर थोडी या तारेत मिसळायची, आणि एका पोराने मधून मधून आवाज हळूहळू खाली-वर करायचा. मला ते नाटकी वाटलं. खोटी खरखर कशाला? यावर आमचा बराच वाद झाला. शेवटी मी हरलो, आणि पुढे काय झालं ते बघता माझं आणि त्यांचं, दोघांचंही थोडंथोडं बरोबर होतं.

पेटी

कार्यक्रमाचा मूळ आराखडा साधा होता. उद्घोषणा, एक ख्याल, दोन नाट्यपदं, एक भजन, शेवटी भैरवी. सगळं जानेवारी १९३८ चं. गाणार एक विद्यार्थिनी, तबल्याला तिचा मावसभाऊ, पेटीला, म्हणजे हार्मोनियमला, आमच्या भागातले पेटीमास्तर, ज्यांच्याकडे निम्मं शहापूर शिकलंय. तानपुरा मिरजेहून आणलेला.

पेटीमास्तर आराखडा वाचून म्हणाले, “एवढ्यावर थांबलात तर मी येत नाही.”

कारण विचारलं, तर ते म्हणाले, १९३८ दाखवून घरी गेलात तर ऐकणाऱ्याला वाटेल की रेडिओवर पेटी कायमच होती. नव्हती. १ मार्च १९४० पासून ऑल इंडिया रेडिओने पेटीला बंदी केली, आणि ती तीसेक वर्षं चालली. १९७१ च्या सुमारास ती सैल झाली, तीही आधी वरच्या श्रेणीच्या गायकांच्या साथीपुरती.

हे मला माहीत होतं, पण ऐकीव. मास्तरांना ते अंगात भिनलेलं होतं. बंदीमागे कारणं होती आणि सगळीच काही वेडगळ नव्हती. पेटीत एका सप्तकाला बारा पट्ट्या. दोन पट्ट्यांच्या मधला स्वर तिच्यात नाही, एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणारी मींड नाही, कोमल गंधार दरबारीचा असो की भीमपलासाचा, पट्टी तीच. शिवाय ती परदेशातून आलेली, म्हणून राष्ट्रीय वृत्तीच्या लोकांना नको, आणि तेव्हा रेडिओ चालवणाऱ्या काही गोऱ्या साहेबांनाही नको. बंदीच्या बाजूने चांगले जाणकारही उभे होते. पण नाटक कंपन्यांपासून भजनी मंडळांपर्यंत सगळीकडे तोवर तीच रुजली होती. फ्रान्समध्ये जन्मलेल्या वाद्याची कलकत्त्यात हातपेटी झाली, आणि ती आमच्याकडे इतकी घरची झाली की तिला परदेशी म्हणायला आता कुणाची जीभ रेटत नाही. पेटीच्या जोरावर गोविंदराव टेंबे या कोल्हापूरच्या माणसाला सारा महाराष्ट्र ओळखायचा.

आणि बेळगाव तर पेटीचं गाव. पंडित रामभाऊ विजापुरे (१९१७-२०१०) यांनी सगळी हयात इथे पेटीत घातली. बंदी आली तेव्हा ते तेवीस वर्षांचे होते. त्या वयात आपल्या वाद्याला सरकारी दार बंद झालंय हे कळणं कसं असेल, हा विचार मी त्याआधी कधी केला नव्हता. मास्तरांनी तेवढंच सांगितलं आणि उठले.

मग आराखडा बदलला. दोन भाग. पहिला जानेवारी १९३८, पेटीसह. दुसरा जानेवारी १९४१, पेटीशिवाय. साथीला व्हायोलिन, कारण सारंगी वाजवणारा जवळपास मिळाला नाही. गाणारी तीच, आणि दुसऱ्या भागात भजनही तेच, पहिल्या भागात गायलेलं. आमची योजना अशी की मधे कुणी काहीच सांगायचं नाही. तारीख तेवढी उद्घोषक बदलेल. पेटी गेल्याचं लोकांना कानाने कळू दे. कळल्यावर सभागृहात कुजबुज होईल, आणि शेवटी मास्तर बाहेर येऊन दोन शब्द बोलतील. कागदावर हे फारच सुंदर दिसत होतं. मी त्याच्या प्रेमात पडलो होतो असंही म्हणायला हरकत नाही.

भाषेची गोष्ट, थोडक्यात

गाणारी मुलगी घरी कन्नड बोलते, शिकली मराठी शाळेत. तिला एक वचन, म्हणजे कन्नड संतांचं भक्तिपद, गायचं होतं. एका सभासदाचं म्हणणं, मराठी वाचनालयाच्या वर्धापनदिनाला कन्नड नको. दुसऱ्याचं म्हणणं, नको म्हटलं तर बाहेर उगाच चर्चा. दोघेही आपापल्या जागी घाबरलेले. इथल्या कुठल्याही कार्यक्रमाला हा खडा लागतोच, त्यात नवल नाही. मी एवढंच दाखवलं की या भागातल्या गाण्याने असा हिशेब कधी ठेवला नाही. कुमार गंधर्व सुळेभावीचे, घरचं आडनाव कोमकली. मल्लिकार्जुन मन्सूर आणि गंगूबाई हनगल धारवाडकडचे. आणि या सगळ्यांना डोक्यावर घेणाऱ्यांत मराठी माणूस मोजायला बसलो तर पहाट होईल. अब्दुल करीम खाँ मिरजेत राहिले आणि त्यांचं गाणं दोन्हीकडे झिरपलं. वचन पहिल्या भागात ठेवलं. ज्यांचा आक्षेप होता ते आले, पहिल्या रांगेत बसले, आणि वचनाला मान डोलावताना मी त्यांना पाहिलं. पुढच्या सभेत ते परत आक्षेप घेतील, तो भाग वेगळा.

ती संध्याकाळ

सहाला सुरू करायचं होतं. मामांनी अडवलं: उजेड आहे तोवर मुंबई लागत नाही. म्हणून लोकांना खुर्च्यांवर बसवून सूर्य मावळायची वाट पाहिली. अंगणात दोन बांबूंच्या मधे तांब्याची तार ताणली होती, अर्थिंगची तार तुळशीकट्ट्याजवळच्या ओल्या मातीत पुरली होती. खरं तर आम्हाला ग्रामोफोनच्या भोकांतून काम करायचं होतं, एरियलची गरजच नव्हती. पण मामा म्हणाले, रेडिओला तार नसली तर तो उघडा दिसतो. तार जोडलेली राहिली. हे लक्षात ठेवा.

सव्वासहा-साडेसहाला दिवे मंद केले, सेटची पट्टी पिवळी उजळली. व्हॉल्व्ह तापायला अर्धा मिनिट लागतो. तेवढ्यात सभागृह गप्प झालं. मग खरखर. मग त्या खरखरीतून वर येणारा तानपुरा. कुणीतरी मागून हळूच म्हणालं, “लागलं, लागलं!” मला वाटलं होतं लोक हसतील. कुणी हसलं नाही. माणसं पुढे झुकून बसली. आवाज बुडाला की सगळे एकदम कान देत होते, वर आला की खुर्च्यांत मागे रेलत होते. मामांच्या खरखरीचा फायदा तो. लोक नुसते ऐकत नव्हते, गाणं धरून ठेवत होते.

खानापूरकडच्या एका गावातून सभासदाच्या आजी आल्या होत्या, नव्वदी ओलांडलेल्या. त्या सेटच्या अगदी जवळ, डावा कान पुढे करून. त्यांच्या लहानपणी गावात एकाच घरी रेडिओ होता. १९३९ संपलं तेव्हा अख्ख्या हिंदुस्थानात परवाने लाखभरसुद्धा नव्हते, तेव्हा गावात एक म्हणजे बरंच. वीज नाही, म्हणून दोन व्होल्टचा अॅक्युम्युलेटर रेल्वेने बेळगावला चार्जिंगला पाठवायचा आणि तो परत येईपर्यंत रेडिओवर फडकं. हे त्यांनी मला आधीच सांगितलं होतं. चार्जिंग संपत आलं की मालक आवाज कमी करायचे आणि मग फक्त पुढच्या दोन रांगांना ऐकू जायचं, त्यात पोरांना जागा नसायची.

पहिला भाग झकास झाला. भीमपलासातला छोटा ख्याल, नाट्यपद, वचन, भजन. आत काय चाललंय ते बघायला मी मधेच बुकबाइंडिंगच्या खोलीत गेलो. मुलगी डोळे मिटून गात होती आणि घामाघूम. नंतर म्हणाली, समोर कुणी नसताना गाणं म्हणजे विहिरीत दगड टाकून आवाजाची वाट बघायची. तेव्हाच्या गवयांना हेच अवघड गेलं असणार. दाद नाही, ‘क्या बात है’ नाही, आणि समोर भिंतीवर घड्याळ. बेळगावचा गवई मीटर गेजच्या गाडीने रात्रभर प्रवास करून, पुण्याला गाडी बदलून मुंबईत पोचायचा, आणि समोर माणूसच नसलेल्या खोलीत ठरलेली मिनिटं गाऊन परतायचा. ध्वनिमुद्रण करून ठेवायची सोय फारशी नव्हती. गायलं ते गेलं.

सात पंचवीसला उद्घोषकाने तारीख बदलली: जानेवारी १९४१. पेटीमास्तरांनी भाता मिटला, पेटीला कुलूप लावलं, पेटी उचलून खोलीच्या कोपऱ्यात ठेवली आणि भिंतीला टेकून बसले. व्हायोलिनवाला पुढे सरकला. आत बसलेल्या आम्हा सगळ्यांना तो क्षण असा काही लागला की मी खोलीतच थांबलो. बाहेर काय झालं ते मला दहा मिनिटांनी कळलं.

बाहेर असं झालं. त्याच वेळी आवाज खाली न्यायची पाळी होती. आमच्या पोराने तो जरा जास्तच खाली नेला. दुसऱ्या रांगेतले एक काका, टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेले, इतका वेळ हात मांडीखाली दाबून बसले होते. आता त्यांना राहवलं नाही. उठले, सेटपाशी गेले, आणि लहानपणापासूनच्या सवयीने खटका फिरवला. ग्रामोफोनवरून मीडियम वेव्ह. एरियल जोडलेलं. काटा कुठे होता देव जाणे, पण ठणठणीत आवाजात धारवाड लागलं आणि कन्नडमधून बाजारभाव सुरू झाले. कांदा, बटाटा.

सभागृह हसून लोटपोट. काकांना वाटलं त्यांनी सेट बिघडवला, म्हणून त्यांनी आणखी फिरवलं. शॉर्ट वेव्हवर शिट्टी, परत धारवाड. मामा पायांनी अधू, उठून येईपर्यंत दोन-तीन मिनिटं गेली. आत मुलगी गातच होती. तिला काय पत्ता? बाहेर कांदा-बटाटा चाललाय हे आत कळायचा काही मार्गच आम्ही ठेवला नव्हता. तिने आयुष्यातलं बहुधा सगळ्यात चांगलं भजन त्या तीन मिनिटांत गायलं, व्हायोलिनच्या साथीवर, आणि ते आम्ही आतले सोडून कुणीच ऐकलं नाही.

मामांनी खटका परत फिरवला तेव्हा भजनाच्या शेवटच्या ओळी चालू होत्या. लोक अजून हसत होते. पुढे भैरवी झाली, टाळ्या झाल्या, दिवे लागले.

मास्तर बाहेर आले. मी विचारलं, “दुसऱ्या भागात काय बदललं, कुणाच्या लक्षात आलं?” ऐंशीएक माणसं. उत्तरं आली ती अशी: आवाज जास्त स्वच्छ होता, राग वेगळा होता, आणि एकाने सांगितलं, “मधे कन्नड कार्यक्रम होता.” पेटीचं नाव कुणी घेतलं नाही. मास्तर हसत उभे होते, पण मला त्यांच्या तोंडाकडे बघवेना. ज्या गोष्टीसाठी त्यांनी आराखडा बदलायला लावला ती कांद्या-बटाट्यात गेली होती.

तेवढ्यात आजी बोलल्या. माईक त्यांच्याजवळ नव्हता, पण सभागृह लहान.

“पेटी उठली की मधेच. आमच्या टायमालाबी न्हवतीच पेटी रेडिओत. देवळात भजनाला पेटी, नाटकात पेटी, आन रेडिओ लावला की न्हाई. आमास्नी वाटायचं, मुंबैत पेटी मिळत न्हाई काय की. माझा भाऊ म्हणायचा, मोठा झालो की हितली एक पेटी न्हेऊन देतो त्यास्नी.”

परत हशा झाला, पण हा वेगळा होता. मास्तर हसले नाहीत. जाऊन आजींच्या पाया पडले. मग लोकांसाठी त्यांनी बंदीची सगळी हकीकत सांगितली, जेवढी बोलायची ठरली होती त्यापेक्षा चौपट. कुणी उठलं नाही.

मागे वळून

कार्यकारिणीत यावर दोन बैठका झाल्या. एक मत असं की काकांमुळे कार्यक्रम बिघडला; पुढच्या वेळी सेटभोवती दोरी बांधावी. मला हे पटत नाही. बटण असलेल्या वस्तूसमोर त्या पिढीची माणसं बसवायची आणि हात लावू नका म्हणायचं, हे आपलंच चुकलं. चूक काकांची नव्हती. एरियल जोडून ठेवलं ती मामांची, आवाज कुठवर खाली न्यायचा याची खूण करून दिली नाही ती माझी, आणि आतल्या खोलीला बाहेरचं ऐकू येईल अशी एक साधी तार ओढली नाही ती सगळ्यांची. प्रत्यक्ष केंद्रांवर एक माणूस काचेपलीकडे बसून जे हवेत जातंय तेच ऐकत असतो. तो माणूस आम्ही ठेवलाच नाही.

पण खरी चूक योजनेतच होती असं मला आता वाटतं. धारवाड लागलं नसतं तरी पेटी गेल्याचं किती जणांना कळलं असतं? फार तर पाच-सहा. जो दिसतच नाही तो उठून गेला तरी जागा रिकामी दिसत नाही. तिथे व्हायोलिन येतं, ते छान वाजतं, आणि ऐकणारा पुढे जातो. बंदी तीस वर्षं टिकली त्याची कारणं मोठी माणसं मोठ्या शब्दांत सांगतात. त्यात एवढं एक साधं कारणही असावं, असा माझा तर्क. आजींना कळलं, कारण त्यांच्या कानात देवळातली पेटी होती आणि शेजारी रेडिओ होता. ज्याच्याकडे दुसरं काही तुलनेला नाही, त्याला काय कळणार?

म्हणून पुढच्या जानेवारीसाठी आम्ही बदल केलाय. दुसरा भाग सुरू होण्याआधी मास्तर पेटी उचलून सभागृहातून, लोकांच्या मधून, चालत बाहेर जातील. मामा म्हणतात, “मग ह्यो रेडिओ कुठला, नाटक झालं की ओ.” त्यांच्याशी वाद अजून चालू आहे. एरियल या वेळी काढायचं का, यावरही. ते म्हणतात, राहू दे. धारवाड लागलं तर लागू दे, खरं त्याआधी मला सांगा, मी दाराजवळ बसतो.

सेट सध्या त्यांच्याच घरी आहे. पट्टीवरचा दिवा उडालाय म्हणून नेला होता. चार महिने झाले. मधे एकदा संध्याकाळी गेलो तर दार उघडंच होतं, खोलीत अंधार, पट्टी पिवळी उजळलेली, आणि मामा डोळे मिटून खरखर ऐकत बसलेले. दिवा केव्हाच बदलून झाला होता. मी काही बोललो नाही, चहा घेऊन आलो.